सोबत 14 फर्मे आहेत

बोरिवली,
बुधवार, रात्री

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

पिशवीत खाऊ नाही. आईने एव्हाना चाचपून बघितलं असेल म्हणून आधीच सांगते. कागद आहेत. 14 फर्मे, म्हणजे 224 पानं, आणि ती मी लिहिली आहेत. कादंबरी आहे. फोनवरच सांगणार होते, पण फोनवर बाबा "हां हां, आईला देतो" म्हणतात, आई "जेवलीस का" विचारते, आणि मग कुकरची शिट्टी होते.

नाव 'नंबर बदललाय'. चष्म्याचा नंबर. वसुधा, वय 44, राहणार ठाकूरद्वार. नवरा सोडून गेल्यावर भावाच्या घरी आलेली. सगळ्यांची कामं करते, वहिनीशी ओट्यावरून धुसफूस करते, आणि कुणी विचारलंच तर म्हणते, "माझं काय, माझं चाललंय." गणपतीत आरतीचं पुस्तक लांब धरता धरता तिचा हात पुरेनासा होतो, म्हणून ती चाळिशी लावायला चष्म्याच्या दुकानात जाते. दुकानात एक गृहस्थ आहेत. पुढचं वाचा.

मला स्वतःला चाळिशी लागली तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं, डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे ताठर होत जातं, पूर्वीसारखं फुगत नाही, म्हणून जवळचं दिसत नाही. लांबचं मात्र स्वच्छ दिसतं. मी तिथेच खुर्चीत बसून हसायला लागले. आपल्या अख्ख्या घराण्याचं निदान झालं होतं.

आता आईच्या मनातला प्रश्न. नाही, ते गृहस्थ खरे नाहीत. माझ्या चष्म्याच्या दुकानातला मुलगा जेमतेम बाविशीचा होता आणि तीनदा "मावशी, हनुवटी इथे टेकवा" म्हणाला. वसुधाही मी नाही. घटस्फोट तेवढा माझ्याकडून घेतलाय, तोही दोन पानांत उरकलाय. त्यापेक्षा जास्त जागा त्याला द्यावीशी वाटली नाही.

लिहिली कुठे, तर गाडीत. संध्याकाळच्या चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशलमध्ये, मोबाइलवर, अंगठ्याने. ही गाडी 1992 साली सुरू झाली तेव्हा आई म्हणाली होती, "बायकांना एक अख्खी गाडी! आता काय काय बोलतील त्या." बोलतात गं. माझ्या समोरच्या दोघी मेथी निवडता निवडता प्रकरणं ऐकायच्या. वसुधाचा नवरा सातव्या प्रकरणात परत येतो, तेव्हा अंधेरीपासून जे भांडण पेटलं ते बोरिवलीपर्यंत विझलं नाही. चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर काढून बसलेली एक अनोळखी बाई उतरताना मला म्हणाली, "त्याला घरात घेतलंस तर बघ हं." मी त्याला घेणार होते. रात्री घरी येऊन ते प्रकरण पुन्हा लिहिलं.

पहिल्या प्रकाशकांनी परत पाठवली. "छान आहे, हलकीफुलकी आहे, पण वजन नाही." बाबा, ते वाक्य वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू आला. रागावू नका. आई वाडीच्या तोंडाशी असलेल्या लायब्ररीतून कादंबऱ्या आणायची आणि त्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालायची, ती पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. वेष्टणाचं खरं कारण तुम्ही होतात. "बायकी वाचन" म्हणायचात तुम्ही, आणि तेही अगदी सौम्यपणे, दुधात माशी पडल्याचं सांगावं तसं. दर दिवाळीला मात्र आम्हा मुलांना ऐकवायचात की 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला म्हणून आज हे सगळं आहे. मग बाबा, त्या मासिकाचं नाव काय होतं? 'मनोरंजन'! मित्रांना त्या शब्दाची लाज वाटली नव्हती.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. मला गजऱ्याचं सांगायचंय.

मी तिसरीत असेन. तेव्हा तुमच्या छापखान्यात अजून अक्षरांचे खिळे जुळवायचे, आणि तुमच्या बोटांना कायम शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा. पगाराच्या दिवशी तुम्ही आईला मोगऱ्याचा गजरा आणायचात. एकदा तो दुरुस्त्या उतरवून झालेल्या गॅलीच्या, म्हणजे तपासायच्या कच्च्या छपाईच्या लांब कागदात गुंडाळून आणलात. आईने गजरा माळला, आणि कागद टाकायच्या आधी पोळपाटावर सरळ करून वाचला. ओल्या मोगऱ्याने मधल्या दोन ओळी पुसल्या होत्या. कुठलीशी कौटुंबिक कादंबरी होती. लेखिका नवीन, तुमच्या भाषेत "बायकी". नायिका सासर सोडून निघालीय, दाराशी आलीय, आणि गॅली संपली.

"पुढे काय होतं हो?" आईने विचारलं.

"मला काय ठाऊक? मी ऱ्हस्व-दीर्घ बघतो," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी पगार नव्हता आणि गजराही नव्हता. तुम्ही पायरीवर चपला काढल्यात, शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला लांब कागद काढलात आणि काही न बोलता डब्याच्या पिशवीवर ठेवलात. तिसऱ्या दिवशी पुढचा. तीन महिने हे चाललं. आई पोळ्या झाल्या की ओट्यापाशी उभ्यानेच वाचायची, पिठाची बोटं कागदाला लागू नयेत म्हणून कोपराने दाबून धरायची. तुम्ही पेपर समोर धरून तिच्याकडे बघत असायचात. मी खाली फरशीवर पाढे लिहायची, मला दोघंही दिसायचात.

आणि मग ती साडी. आईने एक दिवस सहज म्हटलं, "अहो, ही सकाळी अबोली नेसून निघाली होती ना? मग संध्याकाळी स्टेशनवर जांभळी कशी? मध्ये घरी तर गेली नाही." तुम्ही हातातला पेपर खाली ठेवलात. तुमचे शुद्धलेखनाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4 नियम तोंडपाठ, एक वेलांटी सुटायची नाही, पण साडी सुटली होती. पुस्तक निघालं तेव्हा लेखिकाबाईंनी मनोगतात "डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या मुद्रितशोधकांचे" आभार मानले, रंगाची चूक दाखवल्याचा खास उल्लेख करून. तुम्ही ते पान आईला दाखवलंत. आई म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. तुमचंच काम ते."

बाबा, तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. मी वाट बघत होते. सातचा पाढा अर्धा राहिला होता.

माझी ही एकच तक्रार आहे, ती तीस-पस्तीस वर्षं जपून ठेवलीय आणि आता कादंबरीत घातलीय. वसुधाचं "माझं काय" हे आईचं "मला काय कळतंय" आहे. आणि चष्म्याच्या दुकानातल्या गृहस्थांना मी खिशातून चौघडी केलेले कागद काढायला लावलंय. प्रेम कसं दाखवतात ते मी तेवढंच बघितलंय, दुसरं काही सुचेना. तुम्ही ओळखालच. ओळखलंत तर समासात खूण करू नका.

आता कामाचं. दुसऱ्या प्रकाशकांनी कादंबरी घेतली. त्यांना मी सांगितलंय की प्रुफं माझ्या घरचीच माणसं वाचतील. त्यामुळे बाबा, लाल पेन काढा. एकच विनंती, निवेदनात "केलं, गेलं" आहे त्याचं "केले, गेले" करू नका. पात्राच्या तोंडी तेवढं चालतं हे मला माहीत आहे. पण हे सगळं निवेदन वसुधाच करतेय, आणि ती ठाकूरद्वारला राहते. बाकी जिथे काकपद, म्हणजे सुटलेल्या अक्षराची खूण, घालायचं तिथे खुशाल घाला.

आई, तू साड्या बघ. कोण कधी काय नेसलं, कोण कुठल्या गाडीने गेलं, वहिनीच्या हातचं वरण कुठल्या दिवशी आंबट झालं, सगळं. आणि वर्तमानपत्र न गुंडाळता वाच, बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर बसून. पोळ्या चार दिवस बाहेरून आणा. बाबा कुरकुर करतील, करू देत.

श्रेयाच्या पानावर दोन ओळी आहेत. 'मुद्रितशोधन' पुढे बाबांचं नाव. त्याच्या वर 'पहिलं वाचन', तिथे आईचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. मानधन थोडंच आहे, पण निम्मं-निम्मं. प्रकाशकांना आईच्या खात्याचा नंबर हवाय. आई, तुझं ते पासबुक कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे, पहिल्या पानाचा फोटो काढून पाठव. बाबांच्या खात्यात टाका म्हणालीस तर मी फोन उचलणार नाही.

दोन आठवड्यांनी शनिवारी ऑफिस सुटलं की चर्चगेटहून मेट्रोने गिरगावला उतरते आणि कागद घेऊन जाते. चहा ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. (हे फक्त आईने वाचायचं) : एका प्रकरणात मी साडीचा रंग मुद्दाम चुकवलाय. कुठला ते सांगत नाही. बाबांना सापडतो का बघ, आणि नाही सापडला तर लगेच सांगू नकोस त्यांना.