काका, पुंगळी वाचायला शिकवलीत त्याबद्दल

काका, नमस्कार. हे फोनवरच सांगणार होतो पण फोनवर तुम्ही "बरं बरं, ठेव आता" करून विषयच संपवता, म्हणून लिहितोय.

बाबांची ती जुनी पॉइंट टू टू रायफल घेऊन आलो तेव्हा मी सगळं ठरवूनच आलो होतो की स्प्रिंग गेली, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारी नखी) गेला, बॅरलही गेली असणार. दहातले दोन-तीन राऊंड फुसके जायचे आणि जे उडायचे त्यांची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, चेंबरमध्येच (बॅरलच्या मागच्या टोकाला राऊंड बसतो त्या जागेत) अडकून बसायची, बोल्ट ओढला की एक्स्ट्रॅक्टर नुसता घसरायचा. तुम्ही बोल्ट उघडून रिकामी आहे एवढं बघितलंत, रायफल बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "पुंगळ्या आणल्यास का?"

नशीब खिशात होत्या.

भिंगाखाली प्रत्येक पुंगळीवर फायरिंग पिनच्या ठोशाच्या खुणेच्या बरोबर पुढे, रिमला (बुडाच्या बाहेर आलेल्या काठाला) लागून एक बारीकशी खोक होती, सगळ्यांवर एकाच जागी. मग हळूच विचारलंत, "राऊंड न भरता रिकामी चालवतोस?" आता काय सांगू, रोज संध्याकाळी ट्रिगरची प्रॅक्टिस म्हणून तेच करत होतो! पॉइंट टू टूसारख्या रिमफायर काडतुसात प्रायमरचा, म्हणजे ठोशाने पेटणारा, मसाला रिमच्या घडीत असतो, म्हणून पिन काठावर मारते, आणि मध्ये जेमतेम एक मिलिमीटरची रिम नसेल तर या जुन्या रायफलीत तो ठोसा थेट चेंबरच्या काठावर बसतो हे मला माहीतच नव्हतं. काठ दबला, तिथलं लोखंड आत सरकून पुंगळीला अडवायला लागलं, आणि दबलेल्या जागी रिमला समोरून आधार नाही म्हणून पिनचा मार पोकळ जायला लागला. म्हणजे दोन्ही दुखणी एकाच खड्ड्यातली, आणि खड्डा मीच पाडलेला.

सगळ्यात मोठे आभार गोल कानस हातातून काढून घेतल्याबद्दल. मी ते आत सरकलेलं टोक घासून टाकणार होतो. चेंबर तिथे रुंद झालं तर पुंगळी आधाराविना फुगते, फुटूही शकते, हे तुम्ही सांगितलंत आणि तो गुळगुळीत निमुळता दांडा आत दाबून सरकलेलं लोखंड होतं तिथेच परत बसवलंत, कणभरही न काढता. बोल्टमधलं जुनं तेल डिंकासारखं झालं होतं, पिन त्यातच मंदावत होती, ते धुतलं. एक्स्ट्रॅक्टरची बोथट नखी दगडावर चार-पाच हात मारून सरळ झाली. बॅरलला काहीच झालं नव्हतं, मऊ शिशाची गोळी बॅरल कुठली झिजवतेय, तोंडाकडून रॉड घालून साफ करणारेच जास्त झिजवतात म्हणालात (तेही मीच, बोललो नाही तेव्हा).

काल पन्नास राऊंड झाले, एकही फुसका नाही, पुंगळ्या टणाटण बाहेर. आणि एवढं सगळं होऊन तुम्ही एकदाही रागावला नाहीत, त्याची जास्त लाज वाटली.

प्रॅक्टिस आता डमी (दारू नसलेल्या खोट्या) राऊंडवरच. तुमचं भिंग माझ्या पिशवीत आलंय, रविवारी आणून देतो.