डबा भरला, पुढे काय?

मा. संपादक,
स.न.

कालचा ई-कचरा आणि शाळकरी मुलांवरचा लेख वाचला. मुलांना जाणीव नाही, सवय नाही, ड्रॉवर भरून जुने चार्जर पडलेत वगैरे वगैरे. बरं. पण ते नेऊन द्यायचे कुठे हे एका ओळीत लिहिलं असतंत तर उपकार झाले असते.

माझी मुलगी नववीत. मागच्या वर्षी शाळेत जिन्याखाली ई-कचऱ्याचा मोठा डबा ठेवला, फीत कापली, फोटो निघाले. मुलांनी खरंच मनावर घेतलं हो, अख्ख्या सोसायटीत फिरून बंद माउस, इअरफोन, रिमोट, बॅटरी फुगलेले मोबाईल, काय काय आणलं, आमची तर आजोबांचा चालू ट्रान्झिस्टर पण उचलून निघाली होती, मी दारातच अडवलं. डबा भरला आणि तसाच राहिला. फुगलेली लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेट घेऊ शकते हे विज्ञानाच्या सरांना मी सांगायचं का? शेवटी रिझल्ट आणायला गेले तर गेटवर टेम्पो, आणि रद्दी, मोडक्या बाकांबरोबर तो डबाही भंगारवाल्याच्या काट्यावर! विचारलं तर म्हणे, "मॅडम, जागा करायला नको का?"

मुलीला सगळं पाठ आहे. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला जेमतेम २२ टक्के, स्पर्धेत घडाघडा म्हणते, सर्टिफिकेट पण मिळालंय, लॅमिनेट केलेलं. उरलेल्यात आमचा डबा आलाच की! एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच माल जायला हवा, हे शाळेला कोण सांगणार? भंगारातल्या वायरी तांब्यासाठी जाळतात, तो धूर पण कुणाच्या तरी पोरांच्याच नाकात जातो. भंगारवाल्यावर राग नाही, त्याचं पोट आहे. पण मुलांच्या नावाने बोटं मोडू नका.

वॉर्डाप्रमाणे कलेक्शन सेंटरची यादी छापा, पत्ते आणि वेळेसकट, आणि छापायच्या आधी तिथे फोन उचलतात का ते बघा.

आणि हो, त्याच अंकात पानभर 'जुना फोन द्या, नवा घ्या'ची जाहिरात होती, तिच्यासाठी शब्दकोडं उडवलंत. सासूबाई सकाळपासून विचारतायत.

— एक पालक, पुणे