निविदेत पोर्ट मोजता, रूटही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालये, सहकारी बँका, साखर कारखाने यांच्या नेटवर्क खरेदीच्या निविदा कोल्हापुरातल्या दैनिकांत नेहमी येतात. स्विचला पोर्ट किती, वेग किती गिगाबिट, वॉरंटी किती वर्षांची, सगळे बारकाईने लिहिलेले असते. तो स्विच हार्डवेअरमध्ये किती रूट (कोणत्या पत्त्याकडे कुठल्या वाटेने जायचे त्या नोंदी) धरतो, हे मात्र क्वचितच. पुढे ‘नेट स्लो आहे’ अशी ओरड झाली की जादा लाइन घेतली जाते आणि दुखणे तसेच राहते.

लेयर थ्री स्विच, म्हणजे आयपी पत्ता बघून पॅकेट पुढे पाठवणारा स्विच, प्रत्येक पॅकेटमागे प्रोसेसरला विचारत बसत नाही. टीकॅम या खास मेमरीत रूट आधीच भरलेले असतात. ही मेमरी महाग आणि वीज खाणारी, म्हणून मोजकीच. ती भरली की नवा रूट ‘शो आयपी रूट’ या आज्ञेच्या यादीत दिसतो, पण हार्डवेअरमध्ये उतरत नाही. मग तेवढ्याच पत्त्यांची वाहतूक प्रोसेसरवर येते, सीपीयू चढतो, काही साइट झकास चालतात आणि काही रखडतात. केबल बदलणाऱ्याला दोष सापडणार कसा?

12 ऑगस्ट 2014 रोजी इंटरनेटच्या आयपीव्ही4 रूटचा तक्ता 5 लाख 12 हजारांपुढे गेला, तेव्हा तेवढ्याच मर्यादेवर ठेवलेले जुने राउटर जगभर अडखळले. त्यातल्या कित्येकांत जागा होती, फक्त मेमरीची वाटणी बदलून रीलोड (बंद करून पुन्हा सुरू) करायचे राहिले होते.

आपल्याकडे अजून वापरात असलेल्या सिस्को कॅटॅलिस्ट 3750चे उदाहरण घ्या. या मेमरीच्या वाटणीच्या साच्याला टेम्प्लेट म्हणतात. मूळ टेम्प्लेटमध्ये 8 हजार रूट मावतात: 6 हजार थेट जोडलेल्या यंत्रांचे, 2 हजार बाहेरच्या नेटवर्कचे. ‘राउटिंग’ टेम्प्लेट लावला की बाहेरचे 8 हजार होतात, पण थेट यंत्रांचे 3 हजारच उरतात. नाव बघून तो लावणारे इथेच फसतात, कारण कॉलेजच्या वायफायवरचा प्रत्येक मोबाइल थेट यंत्रांतच मोजला जातो. आयपीव्ही6साठीचा दुहेरी टेम्प्लेट लावला तर आयपीव्ही4ला 2 हजार यंत्रे आणि 1 हजार रूट एवढेच. म्हणून आधी ‘शो एसडीएम प्रिफर’ आणि ‘शो प्लॅटफॉर्म टीकॅम युटिलायझेशन’ बघावे, मगच टेम्प्लेट बदलावा. बदल रीलोडशिवाय लागू होत नाही. स्टॅक (एकत्र जोडलेले अनेक स्विच) असेल तर सगळाच बंद पडतो, तेव्हा हे काम कार्यालय सुटल्यावरचे.

टेम्प्लेटला हात लावण्याआधी रूटच कमी करता येतात. 10.20.0.0 पासून 10.20.15.0 पर्यंतचे सोळा /24 (प्रत्येकी 256 पत्त्यांचे गट) एका /20मध्ये (4,096 पत्त्यांच्या गटात) बसतात. हे स्टॅटिक (हाताने लिहिलेल्या) रूटने करत असाल तर ज्या स्विचमागे हे सोळा आहेत, तिथे तोच /20 नल झिरोकडे (पॅकेट टाकून देणाऱ्या आभासी पोर्टकडे) लिहायला विसरू नका. नाहीतर वापरात नसलेल्या पत्त्यांची पॅकेट डिफॉल्ट रूटने (दुसरा रूट नसेल तेव्हाच्या वाटेने) वर जातात, वरचा स्विच परत खाली पाठवतो आणि पॅकेटचे ठरलेले आयुष्य (टीटीएल) संपेपर्यंत ही फुगडी चालू राहते. शाखांना ओएसपीएफचा (स्विच एकमेकांना रूट कळवतात त्या पद्धतीचा) पूर्ण तक्ता कशाला? टोटली स्टब एरिया (बाहेरचे तपशीलवार रूट न घेणारा भाग) करून एक डिफॉल्ट दिला की भागते. गावोगावच्या ब्रॉडबँड चालकांनीही दोन्ही अपस्ट्रीमकडून (ज्यांच्याकडून इंटरनेट घेतात त्या कंपन्यांकडून) पूर्ण बीजीपी तक्ता (सगळ्या इंटरनेटचे रूट) स्विचवर घेण्याचा हट्ट सोडावा. तो आता साडेनऊ लाखांच्या पुढे आहे. डिफॉल्ट आणि निवडक रूट घ्यावेत. मॅक्सिमम-प्रीफिक्स (समोरून घ्यायच्या रूटची मर्यादा) जरूर लावावे, पण मर्यादा ओलांडली की सेशनच तुटते हे ध्यानात ठेवून 80 टक्क्यांवर इशारा ठेवावा.

निविदेत चार आकडे वेगवेगळे मागावेत: आयपीव्ही4 रूट, आयपीव्ही6 रूट, थेट यंत्रे आणि अ‍ॅक्सेस लिस्टच्या (कोणती वाहतूक सोडायची, कोणती अडवायची त्या नियमांच्या) ओळी. माहितीपत्रकात बहुधा प्रत्येकाची स्वतंत्र कमाल छापलेली असते आणि ती एकाच वेळी मिळत नाही. आयपीव्ही6चा एक रूट बऱ्याच स्विचवर दोन जागा खातो. त्यामुळे ‘कोणत्या टेम्प्लेटमध्ये, एकत्र किती’ हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि स्वीकृती चाचणीत तेवढे रूट प्रत्यक्ष भरून दाखवायला लावावेत.

आपला,
एक नेटवर्क अभियंता, कोल्हापूर