बारकीच्या प्रवेशाबद्दल, आई-आप्पांना

चाकण, रविवार

ती. आई आणि आप्पा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आप्पा "तुम्ही दोघं बघा काय ते" म्हणाले आणि फोन आईकडे गेला. आई, तू लगेच पावसाचं विचारायला लागलीस. आप्पांचा तो आवाज मी ओळखतो, म्हणून आज लिहायला बसलो. फोनवर आपलं बोलणं पुरं होत नाही. माझी कंपनीची बस येते, नाहीतर तुझं दूध उतू जातं.

झालं ते आधी सरळ सांगतो. बारकीची जागा आम्ही फ्रीज केली. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत तिला पुण्यात कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं होतं, ते कायमचं स्वीकारलं. सीट अ‍ॅक्सेप्टन्सचे हजार रुपये माझ्या फोनवरून भरले. आता पुढच्या फेऱ्यांत तिचं नाव जाणार नाही. म्हणजे कराडचा विषय संपला.

आप्पा, तुमच्या मनात कराड होतं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी घरी. शासकीय कॉलेज, 1960 पासूनचं. विटा-कराड रस्त्यावर तुम्ही इतकी वर्षं डबल बेल दिली की विद्यानगरला उतरणारी पोरं तुम्हाला तोंडपाठ होती, आणि आपलंही लेकरू एक दिवस त्या स्टॉपवर उतरेल असं तुम्हाला वाटत आलं. ते कॉलेज कमी म्हणून सोडलेलं नाही, एवढं मनावर घ्या. बेटरमेंट, म्हणजे मिळालेली जागा धरून पुढच्या फेरीत वरची मागणं, घेतलं असतं तर पुढच्या फेरीत वरच्या पसंतीतलं काहीही मिळताक्षणी पुण्याची जागा आपोआप गेली असती, आणि ती मागून परत मिळत नाही. शिवाय जागा फ्रीज केल्याशिवाय कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करता येत नाही, आणि वसतिगृहाच्या खोल्या कुणासाठी थांबत नाहीत. हे सगळं मी तिच्यासमोर मांडलं आणि गप्प बसलो. "दादा, मला इलेक्ट्रॉनिक्सच करायचंय," असं ती दोनदा म्हणाली. मग बटण तिनेच दाबलं.

आजोबांचा मर्फी रेडिओ तिने उघडून ठेवला होता ते आठवतंय ना? आई, तू तिला धपाटा घातलास आणि रात्री उशीरापर्यंत रडत बसलीस, आजोबांची तेवढीच वस्तू राहिली होती म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यातून आकाशवाणी सांगली लागलं, तेव्हा आप्पा ड्यूटीवरून येऊन चपला न काढता उंबऱ्यातच थांबले होते. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो, पण मला ते जमलं नसतं. त्या पोरीला तिचं शिकू द्या.

आणि माझं म्हणाल, तर एसटीच्या संपाच्या वर्षी मी डिग्रीचा विचार सोडला त्याचं ओझं तुम्ही अजून उचलता, हे मला दिसतं. आप्पा, सहा महिने पगार नव्हता आणि तुम्ही एका दिवसासाठीही कुणापुढे हात पसरला नाही. मी तेव्हा नोकरी धरली ती माझ्या मर्जीने. आज लाइनवर दहा माणसं माझ्या हाताखाली आहेत. त्याचं तुम्ही काही मनात ठेवू नका.

आता पैशाचं. आई, तुझ्या पाटल्यांना हात लावायचा नाही. काकांकडून उसने घ्यायचे नाहीत. पोस्टातली ठेव मोडायची नाही. राज्य सरकारने 8 जुलै 2024 ला शासन निर्णय काढला आहे: इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत आहे आणि ज्यांचा प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं माफ होतं, आता सगळं. खाजगी विनाअनुदानित कॉलेजलाही ते लागू आहे. आप्पा, तुम्ही म्हणालात की फुकट असेल तर त्यात काहीतरी गोम असणार. गोम नाही, पण अर्ज मात्र आपणच करायचा असतो. प्रवेश पक्का झाला की महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तिच्या नावाने अर्ज भरायचा, आणि दर वर्षी पुन्हा. तो मी भरेन. वसतिगृह, मेस आणि कॉलेजची बाकीची किरकोळ शुल्कं माफीत येत नाहीत, ती माझ्या पगारातून जातील. मी हिशेब करून ठेवला आहे आणि मला जड जाणार नाही. शेत सव्वा एकर असल्यामुळे पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता तिला लागू होतो का, तेही मी कॉलेजात विचारेन. त्याला तहसीलदारांचा अल्पभूधारक दाखला लागतो. तो सावकाश काढला तरी चालेल, पण सातबारा आणि आठ-अ ताजे काढून ठेवा.

कागदांचं मात्र सावकाश चालणार नाही. कपाटातली पिवळी फाईल काढा आणि आई, तू समोर बसून एकेक कागद मोजून बघ, कारण आप्पा घाईत दोन कागद एकत्र धरतात. दहावी आणि बारावीच्या मूळ गुणपत्रिका. बारावीचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला. हा कॉलेज ठेवून घेतं, म्हणून त्याच्या निदान पाच झेरॉक्स आधीच काढून ठेवा, नंतर पायपीट होते. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र. जातीचं प्रमाणपत्र, जातीचं वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. नॉन-क्रीमी लेअरच्या दाखल्यावर मुदत येत्या 31 मार्चपर्यंतची आहे का, ते चष्मा लावून वाचा. जुन्या वर्षाचा कागद त्याच्यासारखाच दिसतो आणि तो चालत नाही. सीईटीचं गुणपत्रक, अलॉटमेंट लेटर आणि हजार रुपयांची पावती मी छापून ठेवली आहे.

वैधतेचं आठवलं की आप्पा, मला तुमचा हेवा वाटतो. माझ्या वेळी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा हवा म्हणून तुम्ही आजोबांच्या शाळेत जाऊन जुन्या रजिस्टरचा उतारा काढलात. मास्तर उद्या या म्हणत राहिले आणि तुम्ही रोज उद्या गेलात. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करताना खापरपणजोबांचं नाव कुणालाच आठवेना, तेव्हा आत्याला गाडी पाठवून आणवलंत. त्या एका उताऱ्यावर आणि माझ्या वैधतेवर बारकीची वैधता विनासायास झाली. आज तिच्या वर्गातली किती पोरं नुसत्या अर्जाच्या पोचपावतीवर अडकून आहेत. तिचा अर्धा प्रवेश तुम्ही तेव्हाच करून ठेवलात.

आता नीट ऐका. तिच्या आधारला मोबाईल नंबर आप्पांचा आहे, त्यामुळे सगळे ओटीपी तुमच्या फोनवर येतात. निघण्याआधी आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा नंबर लावून घ्या, तिला बरोबर न्या, बोटांचे ठसे लागतात. आणि बँकेत जाऊन विचारा की तिच्या खात्याला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार सीडिंग झालंय का. नुसतं "आधार जोडलंय" म्हणाले तर परत विचारा. पतसंस्थेच्या खात्यावर हे पैसे येत नाहीत, तिचं राष्ट्रीयीकृत बँकेतलं खातंच धरायचं. या दिवसांत कुणाचाही फोन आला, प्रवेशाचे पैसे बाकी आहेत, स्कॉलरशिप अडकली आहे, तर एक अक्षर सांगायचं नाही, फोन ठेवायचा आणि मला लावायचा. ओटीपी मलाही फोनवर सांगू नका, बारकी बघेल. तिथल्या नेट कॅफेवाल्याने "मी सगळं करून देतो, दोन हजार द्या" म्हटलं तरी द्यायचे नाहीत. मी इथून करतो आहे.

गुरुवारी कॉलेजला हजर व्हायचं आहे. मुदत शुक्रवारपर्यंत आहे, पण शेवटच्या दिवसावर मी काही ठेवणार नाही. मुदतीत हजर झालं नाही तर जागा रद्द होते आणि पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाते. तुम्ही तिघेही बुधवारी सकाळच्या गाडीने निघा, रात्रीच्या गाडीने नाही. आप्पा, पाच तास पाय लोंबकळले की तुमचा गुडघा सुजतो, हे तुम्ही लपवलंत तरी आई सांगते. खिडकीची नाही, मधल्या वाटेची सीट घ्या, पाय सोडता येतो. आई, तुला आणि बारकीला 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे "मी कशाला, उगीच खर्च" हे ऐकणार नाही. तू यायचंस. सातवीतून तुझी शाळा सुटली. पुण्यात जिथं बारकी शिकणार आहे ती संस्था महर्षी कर्व्यांची. 1896 पासून ती बायकांच्या शिक्षणासाठी उभी आहे, आणि कमिन्स फक्त मुलींचं आहे. ते आवार तू स्वतः फिरून बघावंस, असं माझ्या मनात फार आहे. स्वारगेटला मी उभा असेन, सुट्टी टाकली आहे.

तू विचारशील म्हणून सांगतो, वसतिगृह संस्थेचंच, आवाराजवळ. माझ्याकडे ठेवून घेतलं असतं, पण चाकणहून कर्वेनगर म्हणजे जाण्यायेण्यात रोज चार तास, आणि माझी पाळी बदलते; रात्रपाळीत ती एकटी खोलीवर राहिली असती. मैत्रिणींत राहील ते बरं. स्थानिक पालक म्हणून सही माझी असेल, दर रविवारी जाऊन येईन. गादी, बादली, चादरी मी इथे घेतो, एसटीत ते ओझं आणू नका. तू भडंग आणि शेंगदाण्याची चटणी दे, पण डबा दोन किलोच्या वर नको, मुंग्या लागतात. मेसमध्ये भाकरी रोज मिळेल असं नाही, पण ती पोळी खाते, मला माहीत आहे, तुझ्यासमोर खात नाही एवढंच. लहानपणी माझ्या ताटातली भाकरी उचलून पळायची, तेव्हा तू मला म्हणायचीस, दे रे, बारकी आहे. अजून मी तेच करतोय, असं समज.

रॅगिंगची भीती तू काढलीस. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2009 चा नियम आहे: मुलीने आणि पालकाने, दोघांनी दर वर्षी हमीपत्र भरायचं, आणि कॉलेजला त्यावर लक्ष ठेवावंच लागतं. आप्पा, तुमची त्यावर सही लागेल, वाचून करा. तक्रारीचा नंबर 1800-180-5522, दिवसरात्र चालतो. तो मी तिच्या फोनमध्ये घातला आहे, तुम्हीही भिंतीवर लिहून ठेवा म्हणजे जिवाला स्वस्थ वाटेल.

आता जे लिहायला हात जड झाला आहे ते. बारकी गेल्यावर घरात तुम्ही दोघंच राहणार. आईच्या गोळ्या तीच काढून द्यायची, पाकिटावर वार लिहायची, दर महिन्याला साखर तपासून वहीत टिपायची. ते सगळं तिने शिकवून जायचं आहे, आणि आप्पांनी शिकायचं आहे. सात वारांचा गोळ्यांचा डबा मी घेतला आहे, बुधवारी देतो. रविवारी सकाळी आप्पांनी तो भरायचा. आई, गोळी घेऊन जेवायला उशीर करायचा नाही, देवळात कीर्तन असलं तरी. घाम सुटला, हात थरथरले, तर आधी साखर खायची, मग कुणाला हाक मारायची. मेडिकलवाल्याशी बोललो आहे, महिन्याच्या पाच तारखेला गोळ्या घरपोच देईल, पैसे माझ्याकडून जातील. शेजारच्या काकूंना सांगितलं आहे की सकाळी आठपर्यंत तुमचं दार उघडलं नाही तर हाक मारायची. राग मानू नका. त्या स्वतःच म्हणाल्या, मी तशीही मारते.

तुम्हाला एकटं टाकून दोघंही निघून गेलो, हे मला रात्रपाळीत रोज वाटतं. मी त्यावर उत्तर शोधत बसलो तर बारकीचं वर्ष जाईल, म्हणून निर्णय घेतला. गणपतीला आम्ही दोघं येतोय, सुट्टी मंजूर झाली आहे. दिवाळीनंतर आप्पांचा गुडघा पुण्यात दाखवायचा, त्याला नाही म्हणायचं नाही. आणि घर रिकामं वाटलं तर मला रात्री कधीही फोन करा. काही काम नसलं तरी करा.

आप्पा, तुम्ही बारकीला एकदा "चांगलं झालं" म्हणा. ती माझ्याशी बोलते, पण वाट तुमच्या शब्दाची बघते आहे.

तुमचा
बाळू

ता. क. फाईल आईच्या पिशवीत ठेवा, वरच्या रॅकवर नको. पासपोर्ट साईझ फोटो बारा काढा, मागे पांढरं हवं. आणि बुधवारी निघताना गॅस आणि मोटरचं बटण दोन्ही बघा.