‘असूनही’ या शब्दाबद्दल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या परवाच्या अंकात, पाचव्या पानाच्या तळाशी, ‘जनसंपर्क क्षेत्रातील पितामह हरपले’ या मथळ्याखाली जे चौदा ओळींचे निधनवृत्त आले आहे, ते मी काल दिवसभरात चार वेळा वाचले आणि चारही वेळा एकाच शब्दाशी अडखळलो. ‘ख्रिस्ती असूनही त्यांचे मराठीवर विलक्षण प्रेम होते’, असे आपल्या वार्ताहराने लिहिले आहे. हेतू गौरवाचाच असणार. तरीही हा ‘असूनही’ त्या वाक्यात कोणत्या कामासाठी आला आहे, हे मला आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.

ज्यांचे हे निधनवृत्त आहे, त्या सरांच्या हाताखाली मुंबईत फोर्टमधल्या एका खासगी कंपनीच्या जनसंपर्क विभागात मी अकरा वर्षे काढली. १९८४ साली कंपनीच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून प्रथमच एका बाईंची नेमणूक झाली आणि त्याचे प्रसिद्धिपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘महिला असूनही त्यांनी ही जबाबदारी लीलया पेलली आहे’, असे मी मोठ्या ऐटीत लिहिले. सरांकडून कागद परत आला, तेव्हा त्यावर ‘असूनही’भोवती लाल शाईचे एक वर्तुळ होते आणि समासात त्यांच्या तिरप्या, बारीक अक्षरात एक प्रश्न होता : ‘हा शब्द काढला तर बाईंचे काही नुकसान होते का?’ मी तो काढला, स्टेन्सिल कापली, प्रती काढल्या आणि संध्याकाळी पाचच्या आत त्या स्वतः सगळ्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत नेऊन दिल्या. आपल्याही कचेरीत एक दिली होती. ती छापून आली नाही, पण तो विषय वेगळा. ज्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी माझ्या कागदावरून हा शब्द खोडला, त्याच्याच निधनवृत्तात तो छापून यावा, याचे मला वाईट वाटते आणि, खरे सांगायचे तर, थोडे हसूही येते.

सर वसईचे होते. वसईतले बहुसंख्य ख्रिस्ती घरात सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली बोलतात, प्रार्थना मराठीत करतात आणि भांडतातही मराठीतच. त्यांना मराठीवर ‘प्रेम’ करण्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ साली छापले गेले, म्हणजे आपल्या दैनिकाच्या जन्माच्या बऱ्याच आधी. ख्रिस्ती मंडळींची मराठी नियतकालिके म्हणाल, तर ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाले, ‘निरोप्या’ १९०३ साली. इतके मागे जायचे नसेल, तर २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, हे तरी आठवावे. त्या वेळी त्यांच्या निवडीला झालेल्या विरोधावर आपण चांगला अग्रलेख लिहिला होता. मी तो कापून ठेवला आहे. आपल्या वार्ताहरास हवा असल्यास पाठवून देईन.

सर स्वतः लहानपणी वेदीसेवक, म्हणजे उपासनेत धर्मगुरूंना मदत करणारा मुलगा, होते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तेव्हा लॅटिनमध्ये होत असे आणि त्यातली उत्तरे त्यांनी अर्थ न कळता पाठ केली होती. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना लोकांच्या भाषेत आली आणि पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकली तेव्हा आपल्या आईने घरी येऊन ‘आज देवाला आपले बोलणे कळले’ असे म्हटल्याचे ते सांगत. पुढे अनेक वर्षे रविवारच्या दुसऱ्या मिस्सेला ते वाचन करत. हे वृत्तात नाही. वृत्तात तीन पुरस्कार आहेत, त्यांपैकी एकाची ट्रॉफी कार्यालयात दार उघडे राहावे म्हणून अडसर म्हणून वापरली जात असे.

आणि चर्चच्या सभागृहाबाहेरचे ते टेबलही वृत्तात नाही. १९९१ साली एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मिस्सा सुटल्यावर ते एका घडीच्या टेबलाशी कार्बनपेपर आणि दोन पेने घेऊन बसले आणि लोक रांग लावून अर्ज लिहून घेऊ लागले. एका म्हाताऱ्या बाईंच्या दिवंगत नवऱ्याचे नाव रेशनकार्डावर ‘फ्रान्सीस’, सातबाऱ्यावर ‘फ्रांसू’ आणि बँकेच्या पुस्तकात ‘फ्रान्सिस’ असे होते आणि ही तिन्ही माणसे एकच असल्याचे पटवण्यासाठी ती बाई आठ महिने तालुक्याला खेटे घालत होती. सरांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहिला, तिला दोनदा वाचून दाखवला आणि नाव प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून तपासून घेतले. दुपारचा दीड वाजला होता. घरी त्यांची पत्नी अंथरुणाला खिळलेली होती. तिला जेवण भरवल्यावरच ते माझ्याबरोबर जेवायला बसले. निघताना त्यांनी माझ्या हातात केळीच्या सोपट्यात बांधलेली सुकेळी (वाळवलेली केळी) ठेवली आणि पुढच्या आठवड्याच्या पत्रकाची आठवण करून दिली.

अशा माणसाच्या निधनवृत्तात आपण आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी छापले आहे.

शिवाय ‘त्यांचे पार्थिव पंचत्वात विलीन झाले’, असे शेवटच्या ओळीत आहे. मी तिथे होतो. चर्चच्या आवारातील दफनभूमीत त्यांचा दफनविधी झाला, इतरांबरोबर मीही मूठभर माती टाकली आणि परतताना माझे बूट चिखलाने भरले होते. चितेचे वर्णन आपल्या वार्ताहराने कोणत्या ठिकाणाहून केले, हे कळल्यास आभारी होईन. वृत्तातल्या ‘कैलासवासी’ या शब्दाबद्दल मी काही लिहीत नाही. ‘ख्रिस्तवासी’ असा शब्द मराठीत आहे, एवढे मात्र नोंदवतो.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आपल्या वृत्तात तो अजूनही ठाण्यात आहे आणि वसईच्या बातम्याही ठाण्याच्या पानावर, बिल्डरांच्या जाहिरातींतून उरलेल्या जागेत येतात. नाताळात मात्र रंगीत छायाचित्रासह वसईला अर्धे पान मिळते. उरलेले अकरा महिने ही माणसे काय करतात, याची चौकशी करण्यास हरकत नसावी.

काल आपल्या कार्यालयात फोन केला असता मला जाहिरात विभागाकडे जोडून देण्यात आले आणि श्रद्धांजलीचे चौरस सेंटिमीटरचे दर सांगण्यात आले. मला श्रद्धांजली छापायची नाही, चूक दुरुस्त करून हवी आहे. खुलाशाचा चार ओळींचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात आडनाव, जिल्हा आणि दफनविधीचा उल्लेख तपासून लिहिला आहे, सरांच्या मुलांनाही वाचून दाखवला आहे. जागा कमी पडल्यास ‘पितामह’ काढावे.

आपला,
एक निवृत्त जनसंपर्क अधिकारी, डोंबिवली