परराष्ट्र धोरण लष्कराच्या हाती जाते तेव्हा

संपादक महोदय,

अमेरिकेने जगात कुठेही लष्करी कारवाई केली की आपल्याकडे चर्चा रंगते ती विमानांची, क्षेपणास्त्रांची आणि त्यांच्या पल्ल्याची. परराष्ट्र धोरणाची सूत्रे वर्षानुवर्षे लष्कराकडे सरकत गेल्यामुळे खुद्द अमेरिकेला काय किंमत मोजावी लागली, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

हा धोका लष्कराशी संबंधित मंडळींनीच अनेकदा बोलून दाखवला आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी कॅन्सस स्टेट विद्यापीठातील भाषणात सांगितले होते की, अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतील व्यावसायिक अधिकारी सुमारे ६,६०० आहेत आणि एका विमानवाहू नौकेच्या ताफ्यावरचे मनुष्यबळसुद्धा याहून जास्त असते. मुत्सद्देगिरीवरचा खर्च वाढवावा, असेही ते म्हणाले. एका खात्याच्या मंत्र्याने दुसऱ्या खात्यासाठी पैसे मागावेत, हे कोणत्याही सरकारात विरळाच! पुढे २०१३ मध्ये जनरल जेम्स मॅटिस यांनीही सिनेटच्या समितीपुढे बजावले की, परराष्ट्र खात्याला पुरेसा निधी मिळाला नाही, तर आपल्याला दारूगोळाच जास्त घ्यावा लागेल. या इशाऱ्यांचा उपयोग किती झाला, हे २०२५ मध्ये परदेशी मदतीचे काम पाहणारी यूएसएआयडी ही संस्थाच मोडीत काढली गेली, यावरून दिसते.

इराकचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. युद्धापूर्वीच, २००२ मध्ये, अमेरिकी परराष्ट्र खात्याने निर्वासित इराकी तज्ज्ञांना हाताशी धरून सद्दामनंतरच्या इराकमधील न्यायव्यवस्था, पाणी, शेती, सार्वजनिक वित्त अशा विषयांवर विस्तृत अभ्यास करवून घेतला होता. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी युद्धोत्तर नियोजनाची जबाबदारी पेंटागॉनकडे, म्हणजे संरक्षण खात्याकडे, सोपवली आणि हा अभ्यास बहुतांशी कपाटातच राहिला. इतकेच काय, त्याचे प्रमुख अधिकारी पुनर्बांधणीच्या पथकात दाखल झाले असता संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी त्यांना तेथून काढायला लावले. सद्दामची सत्ता गेल्यावर, मे महिन्यात, अमेरिकी प्रशासनाच्या एका आदेशाने इराकी सैन्य बरखास्त झाले आणि शस्त्रे चालवायला शिकलेले काही लाख लोक पगाराविना रस्त्यावर आले. त्यानंतरच्या बंडाळीत अमेरिकेचे सैनिक वर्षानुवर्षे अडकून पडले. बगदादमध्ये सुमारे शंभर एकरांवर जगातला सर्वांत मोठा दूतावास उभारला गेला खरा, पण सशस्त्र ताफ्याशिवाय त्याच्या भिंतींबाहेर पडणे मुत्सद्द्यांना अवघड होते. ज्याला बाजारात, मशिदीत, विद्यापीठात जाऊन चार माणसांशी बोलता येत नाही, तो मुत्सद्दी आपल्या सरकारला नवे काय कळवणार?

पैशाचे म्हणाल, तर ब्राउन विद्यापीठातील अभ्यासकांनी २००१ नंतरच्या युद्धांचा खर्च सुमारे ८ लाख कोटी डॉलर इतका अंदाजला आहे. त्यात जायबंदी व निवृत्त सैनिकांच्या २०५० पर्यंतच्या शुश्रूषेचा आणि भत्त्यांचाही समावेश आहे. कोरियातील युद्धासाठी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कर वाढवले होते. इराकमध्ये सैन्य घुसल्यावर दोनच महिन्यांत मात्र अमेरिकेत करकपात झाली आणि युद्ध उधारीवर चालले. सक्तीची लष्करभरती १९७३ मध्येच संपलेली, करही वाढलेला नाही. तेव्हा सामान्य घराला युद्धाची झळ लागणार कशी आणि लोकप्रतिनिधींना जाब विचारणार कोण? माझ्या मते अमेरिकेचे खरे नुकसान इथे झाले आहे. युद्धाची घोषणा करण्याचा अधिकार तेथील राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे संसदेला, दिलेला असताना, सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर लगेच संमत झालेल्या, लष्करी बळ वापरण्याची मुभा देणाऱ्या एका त्रोटक ठरावाच्या आधारे पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी अनेक देशांत कारवाया केल्या. त्या ठरावाविरुद्ध दोन्ही सभागृहांत मिळून एकच मत पडले होते, ते प्रतिनिधिगृहाच्या सदस्य बार्बरा ली यांचे.

आपला याच्याशी संबंध नाही, असे समजण्याचे कारण नाही. २००३ मध्ये अमेरिकेने भारताकडेही इराकसाठी सैन्य मागितले होते आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने नकार दिला. तो नकार आला नसता, तर आमच्या साताऱ्यासारख्या, गावोगाव फौजी घरे असलेल्या जिल्ह्याला त्याची झळ लागल्याशिवाय राहिली नसती. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेनेचे हजाराहून अधिक जवान गमावल्याची आठवण तेव्हा फार जुनी नव्हती.

सीमेवर सैन्य भक्कम हवे, याबद्दल दुमत नाही. परंतु भारतीय परराष्ट्र सेवेच्या मुख्य श्रेणीत आज अधिकारी आहेत सुमारे एक हजार, आणि परराष्ट्र मंत्रालयाची तरतूद केंद्रीय अर्थसंकल्पाच्या एक टक्क्याहूनही कमी असते. दर फेब्रुवारीत संरक्षणखर्चाच्या वाढीवर वृत्तपत्रांतून रकानेच्या रकाने छापून येतात. पुढच्या अर्थसंकल्पाच्या वेळी आपल्या दैनिकाने या दुसऱ्या तरतुदीचाही सविस्तर आढावा घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा