ओव्हरटाइमची चिठ्ठी हातात द्या

संपादक साहेब, नमस्कार

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. माझे बाबा मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. रोज दोन तास जादा थांबायचे, म्हणजे आठवड्याला १२ तास, आणि त्याचे पैसे शनिवारी रोख हातात, तेही सिंगल रेटने. ५०० रुपये रोज धरला तर तासाचे साडेबासष्ट होतात, ओव्हरटाइमला डबल म्हणजे १२५ मिळायला पाहिजेत, म्हणजे दर आठवड्याला ७५० रुपये कमीच येत होते आणि घरात कोणाला पत्ताच नव्हता, आम्हाला वाटायचं शेठ जादाचे पैसे देतोय हेच खूप झालं.

डबलचा नियम काही आजचा नाही. फॅक्टरी ॲक्ट १९४८ चा, त्यातलं कलम ५९, दिवसाला ९ तास किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं की दुप्पट द्यायचं, असं त्यात होतं. आणि गुजरातमधे तर हा विषय सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय. कोरोनात एप्रिल २०२० मधे सरकारने नोटिफिकेशन काढलं की कारखान्यात १२ तास काम घ्या आणि जादा तासांना साध्या रेटनेच पैसे द्या. गुजरात मजदूर सभा ही कामगार संघटना कोर्टात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० ला कोर्टाने ते रद्द केलं, वर त्या काळातला ओव्हरटाइम दुप्पट रेटने द्यायला सांगितला. मला ह्या निकालाचा खरंच अभिमान वाटतो.

पण बाबांच्या राहिलेल्या ओव्हरटाइमसाठी केलेली आमची केस अडकलीय ती तासांवर. कंपनीचं म्हणणं, ओव्हरटाइम झालाच नाही, हजेरीच्या मस्टरवर रोज ८ तासच आहेत. बँकेत जमा व्हायचा तो साधा पगार आणि रोख पैशांची कुठे सही नाही. बाबांकडे आहे ती फक्त एक खिशातली डायरी, रोज सुटायची वेळ त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलीय, तिचे कोपरे ऑइलने काळे झालेत, आणि समोरचा वकील विचारतो ही घरी बसून लिहिली नाही कशावरून!

२०१९ च्या वेतन संहितेत दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे, जुन्या कायद्यात १२ महिनेच होते, आणि पैसे दिलेत हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकलीय, हे चांगलंच आहे. पण काम किती तास झालं हेच कागदावर नसेल तर कामगाराने काय करायचं? म्हणून माझी लेबर खात्याला विनंती आहे की जादा काम झालं त्याच दिवशी तास लिहिलेली, सुपरवायझरच्या सहीची चिठ्ठी कामगाराच्या हातात पडतेय की नाही हे गेटवर येऊन बघा, आणि संध्याकाळी सातनंतर या, दुपारी येऊन मस्टर बघून जाऊ नका.

ज्यांचे घरचे अजून कामावर आहेत त्यांनी आजपासून रोज सुटायची वेळ लिहायला लागा आणि शक्य असेल तर गेटवरच्या घड्याळाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बाबांकडे तेव्हा साधा फोन होता.

आपला एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा